आरओ घेऊन आठ महिने झाले, तक्रार मशीनची नाही, रिव्ह्यूवाल्यांची आहे

आठ महिने झाले आरओ वापरतोय. मशीन चांगलं चालतंय, गळत नाही, आवाज नाही. राग आहे तो ज्या 'टॉप १० वॉटर प्युरिफायर' यादीवर भरवसा ठेवून घेतलं तिचा.

आम्ही कोथरूडला, पाणी महापालिकेचं, खडकवासल्याचं. दिवाळीत मेव्हणा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) घेऊन आला, सहज नळाच्या पाण्यात बुडवला तर ७२ आणि आरओचं १४. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, ५०० पर्यंत चालतं, म्हणजे आम्हाला आरओ लागतच नव्हता, नुसते जंतू मारणारा साधा यूव्ही प्युरिफायर कमी पैशात भागला असता. मग वेस्टचा पाइप बादलीत सोडून बघितलं, एक लिटरची बाटली भरेपर्यंत जवळपास तीन लिटर पाणी बादलीत. आई आता तेच पाणी फरशीला आणि भांड्यांना वापरते, तरी जीव तुटतो हो.

ती यादी परत नीट वाचली. दहाच्या दहा आरओ, फोटो सगळे कंपनीचे, तोटे काय तर 'वजन थोडं जास्त'. तुमच्याकडे पाणी कुठलं येतं हा साधा प्रश्नसुद्धा नाही. 'किंमत बघा' बटण दाबून धरून लिंक कॉपी केली तर तिच्यात टॅग आणि टॅगच्या शेपटीला -२१, अ‍ॅमेझॉन इंडियाच्या अ‍ॅफिलिएट लिंकला (जिच्यावरून खरेदी झाली की लिंक देणाऱ्याला कमिशन मिळतं) असतो तसा. कमिशन मिळतं हे मात्र पानभर कुठेच लिहिलेलं नाही.

कमिशन घेण्यात काही वाईट नाही, वायरकटर ही अमेरिकन रिव्ह्यू साइटसुद्धा घेते पण तसं उघड सांगते. आरटिंग्ज ही दुसरी रिव्ह्यू साइट टीव्ही स्वतः विकत घेऊन मोजमापं छापते, कन्झ्युमर रिपोर्ट्स हे अमेरिकेतलं ग्राहकांचं मासिक तर १९३६ पासून जाहिराती न घेता चाललंय. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूसाठी आयएस १९००० हे मानक आलं, पण आलं ते ऐच्छिक म्हणून, त्यामुळे पारखायचं आपल्यालाच. मी आता पहिल्यांदा एकच शोधतो, ही वस्तू कोणी घेऊ नये हे लिहिलंय का.

गेल्या महिन्यात मिक्सर घ्यायचा होता. एका ताईंनी भिजवलेली उडीद डाळ किती मिनिटांत वाटली, भांडं किती तापलं, झाकणातून कुठे गळलं सगळं स्वतःच्या ओट्यावरच्या फोटोंसकट टाकलेलं आणि खाली स्पष्ट, रोज इडलीचं पीठ वाटत असाल तर हा घेऊ नका. लिंक तिथेही होती, कमिशन मिळतं हे सगळ्यात वर लिहिलेलं. आमच्याकडे इडली महिन्यातून एकदा, म्हणून घेतला, आणि मुद्दाम त्यांच्याच लिंकवरून मागवला.