वेग्नरचं एटी-10 टेबल, अकरा महिन्यांनंतर: आधी खालचा वेत बघा

फेब्रुवारीत एका रात्री दिवाणखान्यातून ‘कट्’ असा आवाज आला. दिवा लावून पाहिलं तर टेबलाखालच्या विणलेल्या कप्प्यातली वेताची एक पट्टी तुटून वर आली होती. डॅनिश डिझायनर हान्स वेग्नरचं हे जुनं कॉफी टेबल घरात येऊन सहाच महिने झाले होते आणि त्यासाठी आम्ही इथे डेन्मार्कमध्ये साडेनऊ हजार क्रोन मोजले होते. मला नंतर झोप लागली नाही.

लाकडाबद्दल माझी एकही तक्रार नाही. मी चंद्रपूरची, आलापल्लीच्या सागाचं कौतुक ऐकत वाढले. पण सागाची इतकी शांत, सरळ फळी फार कमी पाहिली आहे. असली टेबलं बनायची त्या काळी डॅनिश कारखान्यांत हा साग थायलंड, ब्रह्मदेशातून बोटीनं यायचा. दुकानानं जुना थर उतरवून तेल दिलंय ते छान, ओकचे पाय घट्ट. दिवाळीला फराळाची सगळी ताटं एका रांगेत मावली.

पण वेत! फोटो पाठवले तर दुकानाचं उत्तर आलं: हमी लाकडाची आहे, विणकामाची नाही. जाहिरातीत ‘पूर्ण दुरुस्त केलेलं’ असं लिहिलं होतं, मग त्यात वेत का नाही? “जुना वेत तुटणारच,” असं फोनवर सांगितलं. हे विकताना सांगायला हवं होतं. तीन आठवडे ईमेल चालली, शेवटी 500 क्रोनचं कूपन देऊ केलं, तेही त्याच दुकानात खर्चायचं. मी नाकारलं.

तेव्हाच लिहिलं असतं तर ‘घेऊ नका’ इतकंच लिहिलं असतं.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, “अगं, हीटरला खेटून ठेवलंयस की! वेत वाळलाय. ओल्या फडक्यानं खालून पूस. वरची बाजू चकचकीत असते, ती पाणी पीत नाही.” पुसलं. सकाळपर्यंत मधे लोंबलेला सगळा कप्पा ताणून बसला होता. ओला वेत वाळताना आखडतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

तुटलेली पट्टी बदलायला खुर्च्या विणणाऱ्या एक बाई मिळाल्या. 900 क्रोन घेतले आणि ते मला अजिबात जड गेले नाहीत. त्यांची बोटं पाहताना बाबांच्या कचेरीतले अंध कारागीर आठवले, खुर्च्यांच्या बैठका नुसत्या स्पर्शानं विणायचे. नवी पट्टी अजून फिकट दिसते, हळूहळू रंग धरेल म्हणाल्या.

मग हान्स वेग्नरबद्दल वाचत गेले. 1914 साली टोंडर गावात चांभाराच्या घरी जन्म, पोरवयात सुतारकामाची उमेदवारी, पुढे आमच्या आर्हुस शहराच्या टाउन हॉलचं फर्निचर. आयुष्यात 500 हून अधिक खुर्च्या केल्या. 1949 च्या प्रसिद्ध गोल खुर्चीच्या पाठीवरचा सांधा त्याला आवडेना, म्हणून पहिल्या खुर्च्यांत तो चक्क वेतानं गुंडाळून झाकला होता. नंतर सांधाच इतका देखणा केला की झाकायची गरज उरली नाही. वेत कुठे हवा नि कुठे नको, याचा इतका विचार करणाऱ्या माणसानं माझ्या टेबलाखाली वेत ठेवला तो उगाच नाही. तिथे फळी टाकली असती तर हेच टेबल खोक्यासारखं जड दिसलं असतं. आता उजेड जाळीतून खाली सांडतो आणि एवढं लांब टेबल हलकं वाटतं.

त्यामुळे माझं मत बदललंय, दुकानाबद्दलचं नाही. घ्यायला गेलात तर आडवे होऊन खाली बघा. अँड्रियास टक या ओडेन्सच्या कारखान्याचा छाप तिथेच सापडेल. वेताच्या कडा, विशेषतः पायांजवळच्या, अंगठ्यानं दाबा. करकर आवाज आला तर किंमत पाडून मागा. हमीत ‘वेत’ हा शब्द लिहून घ्या. कप्प्यात वर्तमानपत्रं ठेवा, लॅपटॉप नको.

आमचं टेबल आता हीटरपासून दीड मीटर लांब आहे, आणि हिवाळ्यात दर पहिल्या रविवारी मी खालून ओलं फडकं फिरवते.