दारव्ह्याचं फ्लेक्सचं दुकान: छपाई चांगली, नकार त्याहून चांगला

पोळ्याच्या तोरणाजवळ लावायला फ्लेक्स पाहिजे होता, म्हणून कमिटीनं मला दारव्ह्याला धाडलं. बस स्टँडमागच्या बोळातलं दुकान. दहा बाय चार, चौरस फुटाला 12 रुपये, कडेनं दुमड घालून कड्या ठोकलेल्या. मजकूर होता आमच्या गावची ताजी झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचं टोमण्याचं गाणं:

सोयाबीन गेलं पान्यात, कापूस गेला तोट्यात,
सायेब आमचे दिसले फक्त पेपरच्या फोट्यात!

‘तोट्यात’चं ‘तोटयात’ झालं नाही, यातच डीटीपीवाल्या पोरीला पैकीच्या पैकी मार्क. मालक वाचून खो-खो हसले आणि छापून मोकळे झाले.

माझ्यामागं नंबर लावलेल्या पोरांचं मात्र अडलं. वर गणपतीचं स्वागत, खाली एका समाजाचं नाव घेऊन ‘यांच्या दुकानातून काही घेऊ नका, यांना गावात पाय ठेवू देऊ नका’. मालक म्हणाले, "वरचं छापतो, खालचं नाई. लिवनारे तुमी, पन कोपऱ्यात नाव माह्या दुकानाचं रायते."

"काका, बोलाचं स्वातंत्र्य हाये ना? आत्ताच त ह्याईचं सरकारावरचं छापलं!"

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. अर्धी हयात तालुका कोर्टात कारकुनी केली, हे त्यांना ठाऊक. मग काय, बसलो सांगत. घटनेच्या 19(1)(अ)नं बोलायचा हक्क दिला, 19(2)नं त्याला कुंपण घातलं: सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रुनुकसानी, गुन्ह्याची चिथावणी वगैरे. भारतीय दंड संहितेचं जुनं कलम 153 अ आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 196 झालं. धर्म, जात, भाषा, जन्मस्थान यावरून गटागटांत वैर पेटवलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद. सरकार म्हणजे असा गट नव्हे. सायेबाले झोंबलं म्हणून 196 लागत नाही.

आणि झोंबणं मोजायचं माप तर आपल्या नागपूरचंच आहे. 1946 मध्ये नागपूर हायकोर्टात न्या. विवियन बोस यांनी लिहिलं, की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसावर काय होईल ते पाहा. जिथंतिथं धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनाच्या माणसाच्या नजरेनं नको. मार्च 2024 मध्ये कोल्हापूरकडच्या एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरचा गुन्हा रद्द करताना सुप्रीम कोर्टानं हेच माप लावलं. म्हणजे माप चांगलं सैल आहे. टोचून बोला, चिडवा, न पटणारं बोला. पोरांचा मजकूर त्या सैल मापातही बसत नव्हता. त्यात मत कुठं होतं? गावानं कुणाचं काय करायचं, याचा सरळ हुकूमच होता.

पोरं पुटपुटत गेली. दुसरीकडं छापून घेतलंही असेल. सगळेच दुकानदार दहा बाय चारचं गिऱ्हाईक सोडत नाहीत. यांनी सोडलं, आणि तेही सणाच्या तोंडावर.

आता तक्रारी. अर्धे पैसे आधी ठेवून घेतात. इन्व्हर्टर फक्त कॉम्प्युटरपुरता, त्यामुळं लाईन गेली की मशीन बंद. माझा फ्लेक्स सकाळी देतो म्हणाले, हाती पडला दिवेलागणीला. लाल रंग थोडा पिवळसर येतो. बसायला एकच स्टूल, त्यावरही रोल ठेवलेले. पाचपैकी चार तारे. तान्ह्या पोळ्याचा फ्लेक्सही इथंच टाकला आहे.