नॉन-ड्रॉप सबस्क्रायबर आणि दोन तासांचा व्हिडिओ

माझं बार्शीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. एक फेज गेला तरी मोटर चालूच ठेवायची आणि जळाली की माझ्याकडे आणायची, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे उन्हाळ्यात कामाला तोटा नसतो. 2023 च्या दिवाळीनंतर मी मोबाईल स्टँडला लावून कामाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला लागलो. जळालेली कॉइल कशी काढायची, वायरचा गेज कसा मोजायचा, कॅपॅसिटर गेलाय हे कसं ओळखायचं, असलं. बघणारे थोडे, पण कामाचे. ‘दादा, मोटर नुसती घूं घूं करती, फिरत नाही’ अशी कमेंट आली की मी दुकान बंद केल्यावर निवांत उत्तर लिहायचो. वर्षभरात 540 सबस्क्रायबर झाले.

मग डोक्यात पैसा शिरला. जाहिरातीतला वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी चॅनलवर घालवलेले 4,000 तास लागतात. वहीवर हिशोब मांडला. माझा व्हिडिओ माणूस सरासरी तीन मिनिटं बघतो. 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं, म्हणजे 80,000 वेळा कुणीतरी माझी मोटर बघायला पाहिजे. तेवढ्या मोटरी अख्ख्या तालुक्यात तरी असतील का, कोण जाणे.

अशात एका व्हिडिओखाली कमेंट आली: ‘कंटेंट भारी आहे सर, रीच मिळत नाही, व्हॉट्सअ‍ॅप करा.’ केला. डीपीला लाख सबस्क्रायबरवाल्यांना मिळतं ते चंदेरी बटण. माणूस गोड बोलणारा, प्रत्येक वाक्यात ‘दादा’. म्हणाला, आधी काही देऊ नका, रात्रीत 50 सबस्क्रायबर फुकट देतो, पटलं तर बोलू. सकाळी उठून बघतो तर 590. इथंच मी गेलो. फुकटचे 50 आले नसते तर पुढचा रुपया गेला नसता.

500 सबस्क्रायबरचे 2,200 आणि 4,000 तासांचे 11,000. ‘नॉन-ड्रॉप आहे दादा, एक जरी कमी झाला तर रिफिल देतो.’ पैसे यूपीआयवर, पावती नाही. खात्यावर नाव तिसऱ्याच माणसाचं, ते मी बघितलं आणि तरी पाठवले.

तासांसाठी त्यानं एक अट घातली: चॅनलवर निदान दोन तासांचा एक व्हिडिओ पाहिजे. तेव्हा कळलं नाही, आता कळतं. दोन तासांचा व्हिडिओ 2,000 वेळा पूर्ण चालवला की 4,000 तास भरले. त्यांच्याकडची मशीनं तेच करतात, माणूस कुठं बसलेला नसतो. मी विचारलं, दोन तास काय दाखवू? ‘काहीही दादा, कोण बघतंय!’ हे वाक्य तेव्हाच टोचायला पाहिजे होतं. मी कॅमेरा चालू सोडला आणि 5 एचपीची एक मोनोब्लॉक, म्हणजे पंपाला जोडूनच येणारी मोटर, अख्खी भरली. तार लोखंडाला टेकू नये म्हणून खाचांत, म्हणजे स्लॉटांत, पेपर घालणं, कॉइल बसवणं, बांधणी, सगळं. मध्ये चहाही प्यालो.

आकडा मात्र पळाला. तीन आठवड्यांत 4,000 पार. कमेंटी ‘नाइस व्हिडिओ ब्रो’, ‘वॉव अमेझिंग’. स्टेटरमध्ये, म्हणजे मोटरीच्या न फिरणाऱ्या भागात, पेपर सरकवण्यात अमेझिंग काय असतं? घरी पेढे आणले आणि अर्ज टाकला.

अर्ज तपासणीत असतानाच तास उतरायला लागले. 4,100 चे 2,600, मग 700. सबस्क्रायबर 1,090 वरून 630. यूट्यूब खोटे प्रेक्षक ओळखून वजा करतं, त्यात ‘नॉन-ड्रॉप’ वगैरे काही नसतं. नकाराचा मेल आला. तीस दिवसांनी परत अर्ज करता येतो, पण करणार कशाच्या जोरावर?

त्याला फोन केला तर म्हणाला, अपील मी करून देतो, 3,000 पाठवा आणि जीमेलचा पासवर्ड द्या, ओटीपी आला की सांगा. शेजारी बसलेला पुतण्या म्हणाला, “काका, बँकेचा मेल त्याच जीमेलवर येतो ना?” मी फोन ठेवला. नंतर त्याच नंबरवरून दोन दिवस धमक्या, चॅनल उडवतो म्हणून. ब्लॉक केला. त्याच रात्री जीमेलचा पासवर्ड बदलला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं.

पुतण्यानं मग मोबाईलवर एक पॅनेल, म्हणजे असला माल विकणारी वेबसाइट दाखवली. तिथं हेच सबस्क्रायबर भाजीसारखे रेट लावून विकायला ठेवलेले, मी दिले त्याच्या पावपट भावात. म्हणजे तो माणूस निव्वळ दलाल. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करावी म्हटलं, पण मनात आलं, सांगू काय? मी खोटा माल मागितला आणि त्यानं खोटाच दिला? तरी केली. पैसे आले नाहीत. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर खात्यात रक्कम अडवता येण्याची आशा असते, मी दोन महिन्यांनी केला.

आणखी एक जण भेटला होता, तो ‘गूगलच्या जाहिरातीतून खरे प्रेक्षक’ म्हणून 8,000 मागत होता. जाहिरात म्हणून चालवलेल्या व्हिडिओचे तास त्या 4,000 मध्ये धरतच नाहीत. तो हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतोय.

पैशापेक्षा वाईट पुढं झालं. नवीन व्हिडिओ टाकला की पूर्वी दीडशे-दोनशे लोक बघायचे, आता चाळीस. घूं घूं वाल्या कमेंटी बंद. मशीनं माझ्या वाइंडिंगकडे तीन आठवडे बघत बसली, त्यावरून यूट्यूबनं माझं गिऱ्हाईक कोण ठरवलं असेल, देव जाणे. निदान मला तरी असंच वाटतं.

तो दोन तासांचा व्हिडिओ काढून टाकायचा राहिला. परवा त्याच्याखाली मराठीत कमेंट आली: ‘1 तास 12 मिनिटांवर बघा. डावीकडच्या स्लॉटातला पेपर आत सरकलाय, वार्निश मारायच्या आधी नीट करा.’ मी व्हिडिओ थांबवून, मोठा करून बघितला. सरकला होता. मोटर तर केव्हाच देऊन झाली होती. शेतकऱ्याला फोन लावला, चालतीय का विचारलं.

“चालतीय की. पण कधीमधी हात लागला की झिणझिण्या येत्यात.”

“स्टार्टर पाडा, हात लावू नका कुणी. मी निघालो.”