रोसुवास्टॅटिन १०, आठ महिन्यांनंतर: पायदुखीचा दोष किती गोळीचा?

वापर असा: कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या रोसुवास्टॅटिनची रोज एक गोळी, १० मिलिग्रॅम, सलग आठ महिने. वय सत्तरीच्या आसपास, जोडीला बीपीची आणि साखरेची औषधं. कोलेस्टेरॉलबद्दल थोडक्यात सांगतो आणि पायांबद्दल सविस्तर, कारण आपल्या मराठवाड्यात ही गोळी बंद पडते ती बहुतेक पायांपायीच.

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरवण्यात गोळी चोख आहे. १० मिलिग्रॅमला साधारण ४५ टक्के घट मिळते आणि ती सहा आठवड्यांत रिपोर्टात दिसते. डोस दुप्पट केला तर फायदा दुप्पट होत नाही, जेमतेम ६ टक्के वाढतो. त्रासाची शक्यता मात्र डोसबरोबर वाढते. आशियाई माणसांच्या रक्तात या औषधाची पातळी गोऱ्या लोकांच्या जवळपास दुप्पट जाते, म्हणून अमेरिकेतल्या माहितीपत्रकातही आशियाईंसाठी सुरुवात ५ मिलिग्रॅमनं करायला सांगितलंय. अंगानं बारीक, किडनी थोडी थकलेली म्हातारी माणसं असतील तर ५ नं सुरुवात का नको, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. वेळ सकाळची असो की रात्रीची, फरक पडत नाही. ॲसिडिटीचं पातळ औषध घेत असाल तर ते गोळीनंतर दोन तासांनी घ्या; लगेच घेतलं तर रोसुवास्टॅटिन निम्मंच अंगी लागतं.

आता पाय. गोळीमुळे होणारं दुखणं ओळखता येतं. ते दोन्ही बाजूंना सारखं असतं, मांड्या, खुबे, पोटऱ्या अशा मोठ्या स्नायूंत असतं, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर बहुधा पहिल्या काही आठवड्यांत सुरू होतं. ठणक्यापेक्षा जडपणा जास्त. उकिडवं बसल्यावर हात न टेकता उठता येत नाही, बाजेवरून उठताना मांड्या साथ देत नाहीत, असं नव्यानं झालं तर गोळीवर संशय घ्यायला जागा आहे.

पण एकाच पोटरीत रात्री गोळा येतो, तो बहुतेकदा गोळीचा नसतो. ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते आणि दोन-चार मिनिटं थांबलं की मोकळी होते, तेव्हा पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. तंबाखू-बिडीवाल्यांत हे फार दिसतं, आणि अशा माणसाला तर ही गोळी सगळ्यात जास्त लागते. नेमका तोच पायदुखीला कंटाळून ती सोडतो, याचं वाईट वाटतं. चालताना दुखतं पण सायकलच्या हँडलवर वाकलं की बरं वाटतं, हे कमरेच्या मणक्याचं लक्षण. तळपायाची आग बहुधा साखरेची. किनवटसारख्या फ्लोराइडच्या पाण्याच्या भागात सांधे-कंबर आखडण्याचं कारण पाणीही असू शकतं. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर घरी बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

थायरॉइड (टीएसएच) आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्याच. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉल वाढतं आणि स्नायूही दुखतात, म्हणजे दोन्ही तक्रारींचं मूळ तिथेच निघू शकतं. स्नायूंच्या इजेसाठी सीपीके ही रक्ताची तपासणी असते. ती सोयाबीन काढणीच्या दुसऱ्या दिवशी किंवा दंडात-कमरेत इंजेक्शन घेतल्यावर करू नये, आकडा उगाच चढलेला येतो.

यातली सगळ्यात मोठी चूक पाकिटावर होते. अँजिओप्लास्टी झालेल्यांना पुष्कळदा एकच कॅप्सूल दिलेली असते, तिच्यात रोसुवास्टॅटिनसोबत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलही असतं. ‘कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली’ म्हणून ती कॅप्सूल सोडली की रक्त पातळ ठेवणारी औषधंही त्याच दिवशी सुटतात, आणि स्टेंटमध्ये (रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीच्या नळीत) गुठळी होण्याचा धोका उभा राहतो. पाकिटाच्या चंदेरी बाजूला बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. चष्मा लावून ते वाचा, नाहीतर मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या. तीन नावं असली तर डॉक्टरांकडून आधी ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल वेगळं लिहून घ्या, मगच बाकीचा विचार.

दोष गोळीचा आहे का, हे कॅलेंडरवर कळतं. गोळी चालू असतानाच दोन आठवडे रोज रात्री त्या तारखेच्या चौकोनात ० ते १० मधला आकडा लिहायचा: ० म्हणजे दुखणं नाही, १० म्हणजे असह्य. मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं दोन ते चार आठवडे गोळी थांबवायची आणि आकडे लिहीत राहायचं. मग पुन्हा सुरू. थांबवल्यावर आकडे उतरले आणि सुरू केल्यावर परत चढले, तर गोळीच. हा तिसरा टप्पा लोक गाळतात आणि औषध कायमचं सुटतं. कापूस वेचणी, पायी दिंडी किंवा मे महिन्यातलं ऊन असताना ही तपासणी करू नका; तेव्हा पाय तसेही दुखतात.

आकडे लिहायचे ते का? ब्रिटनमध्ये त्रासापायी स्टॅटिन (रोसुवास्टॅटिनच्या गटातलं औषध) सोडलेल्या ६० जणांना वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं गेलं. २०२० साली निकाल आला: खऱ्या गोळीवर जेवढा त्रास वाढला, त्यातला ९० टक्के औषध नसलेल्या गोळीवरही होता. दुखणं खोटं नव्हतं, कारण वेगळं होतं.

गोळीच दोषी ठरली तरी वाटा आहेत. डोस ५ वर आणणं, एक दिवसाआड देणं, किंवा कमी डोससोबत एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध, १० मिलिग्रॅम. त्यानं एलडीएल आणखी सुमारे २० टक्के उतरतं. बेम्पेडोइक ॲसिड हे कोलेस्टेरॉलचं आणखी एक औषध यकृतात काम करतं, स्नायूंत सक्रिय होत नाही, पण युरिक ॲसिड वाढवतं, तेव्हा गाउटवाल्यांनी (युरिक ॲसिडनं सांधे सुजणाऱ्यांनी) जपून. स्नायूदुखीसाठी विकल्या जाणाऱ्या कोएन्झाइम क्यू१० या पूरक गोळ्यांवर पैसे घालवू नयेत असं आमचं मत. चाचण्यांत ठोस फायदा दिसलेला नाही. डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी तर स्वतःच्या मनानं अजिबात नको. बीपीच्या गोळ्यांवर असलेल्या म्हाताऱ्या माणसाची किडनी त्यानं बसू शकते.

रोसुवास्टॅटिनऐवजी त्याच गटातलं ॲटोरवास्टॅटिन चालू असेल तर गजकर्णाच्या इट्राकोनॅझोलचा किंवा क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा कोर्स सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. या दोन्हींमुळे ॲटोरवास्टॅटिन रक्तात साचतं. कोर्सपुरती गोळी थांबवायची का, हे तेच ठरवतील.

आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, सोबत मांड्यांत ताकद राहिली नाही, तर कॅलेंडर बाजूला ठेवा, गोळी तिथेच थांबवा आणि पाकीट हातात घेऊन थेट दवाखाना गाठा.