स्पायवेअर काढायचंय? फुकटातलं कोणतं सॉफ्टवेअर, कोणत्या दुखण्यावर

काकांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज खाली आलेला होता. "अरे, हा लॅपटॉप सारखा सांगतोय, पाच व्हायरस आहेत म्हणून. पैसे भरले की जातील म्हणतोय. भरू का?"

"काका, थांबा. कार्डाचा नंबर कुठे टाकला नाहीत ना?"

नव्हता टाकला. संध्याकाळी घरी गेलो. उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी लाल चौकट वर येत होती. क्रोममध्ये काही शोधायला गेलं की गूगलऐवजी भलतंच पान उघडायचं. क्रोमचे तीन ठिपके दाबले तर मेनूच्या तळाशी लिहिलेलं, हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित आहे. काका शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, लॅपटॉप त्यांच्या स्वतःच्या पैशांचा. म्हणजे कुठल्यातरी सॉफ्टवेअरने ब्राउझरवर परस्पर नियम लादून आपलं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) आत बसवलं होतं. (काही अँटिव्हायरसही ही ओळ आणतात, त्यामुळे ती दिसली की लगेच घाबरू नका, पण कोणामुळे आली ते शोधाच.)

त्या संध्याकाळपासून ओळखीतली माणसं मला हाच प्रश्न विचारतात की स्पायवेअर, म्हणजे गुपचूप पाळत ठेवून माहिती चोरणारं सॉफ्टवेअर, काढायला फुकटातलं चांगलं कोणतं? एकच नाव सांगून भागत नाही, कारण ही सॉफ्टवेअर्स एकाच कामाची नाहीत. काही राखण करतात, म्हणजे सतत चालू राहून दारातच अडवतात. काही फक्त साफसफाई करतात. तुम्ही चालवाल तेव्हा शोधणार, सापडलं ते काढणार आणि गप्प बसणार. राखणदार एकच ठेवायचा. दोन ठेवले तर एकमेकांच्या फायलींवर संशय घेतात आणि मशीन रांगायला लागतं. साफसफाईची साधनं मात्र एकामागून एक कितीही चालवा, फक्त एका वेळी एक.

आधीपासून आत असलेला डिफेंडर

विंडोज १० किंवा ११ असेल तर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर तुमच्याकडे आहेच. याचा जन्मच मुळात स्पायवेअर काढण्यासाठी झाला. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये जायंट नावाची कंपनी विकत घेतली आणि तिच्या अँटिस्पायवेअरवरून २००६ मध्ये विंडोज डिफेंडर आला. विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटिव्हायरस झाला. 'फुकटचा आहे म्हणजे कामचलाऊ असणार' हा समज जुन्या दिवसांतला आहे. घरच्या वापराला राखणदार म्हणून आज मी दुसरं काही बसवत नाही.

पण बहुतेकांना त्याची दोन महत्त्वाची बटणं माहीतच नसतात. पहिलं ऑफलाइन स्कॅनचं. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये स्कॅन ऑप्शन्सवर जा, तिथे शेवटाकडे हा पर्याय दिसेल. दाबला की लॅपटॉप बंद होऊन परत सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उठायच्या आधीच तपासणी होते. साधारण पंधरा मिनिटं लागतात. फायदा असा की विंडोज चालू असताना स्वतःला लपवणारा प्रोग्राम तेव्हा झोपलेला असतो. उघडी कामं आधी सेव्ह करा, एवढंच.

दुसरं बटण ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये, रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये. संभाव्य नको असलेली ॲप्स अडवण्याचा पर्याय तिथे असतो. टूलबार, जाहिराती घुसवणारे प्रोग्राम, फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर आलेलं लटांबर, हे सगळं याच वर्गात मोडतं. काकांच्या लॅपटॉपवर ते बंद होतं.

विंडोज १० वाल्यांसाठी: त्या आवृत्तीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरची व्हायरस ओळखण्याची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय, पण विंडोजमधली भोकं बुजवण्याचं काम डिफेंडर करत नाही. दार मोडकं असेल तर राखणदारावर किती भिस्त ठेवणार?

मालवेअरबाइट्स की ॲडवक्लीनर?

साफसफाईची ही दोन्ही साधनं आता एकाच घरची. ॲडवक्लीनर आधी स्वतंत्र होता, २०१६ मध्ये मालवेअरबाइट्सने घेतला. तरी दोघांचं काम वेगळं आहे आणि निवडताना इथेच गोंधळ होतो.

ॲडवक्लीनर इन्स्टॉल करावा लागत नाही. फाइल उतरवायची, चालवायची, चार-पाच मिनिटांत यादी समोर. त्याचं लक्ष ब्राउझरवर असतं: बदललेलं सर्च इंजिन, घुसवलेली एक्स्टेंशन्स, जाहिरातींचे प्रोग्राम, बिघडवलेल्या नेटवर्क सेटिंग्ज. काकांच्या लॅपटॉपवर यानेच पहिला घाव घातला. ब्राउझरवर लादलेला नियम आणि एका 'व्हिडिओ डाउनलोडर'चे उरलेसुरले तुकडे यादीत आले. खूण करून क्वारंटाइन केलं, म्हणजे वेगळं कोंडून ठेवलं, लॅपटॉप रीस्टार्ट केला, आणि क्रोमच्या तळाची ती ओळ गेली. मात्र पासवर्ड चोरणारा ट्रोजन (चांगल्या प्रोग्रामच्या वेशात शिरणारा) शोधणं हे याचं काम नाही. याने 'काही सापडलं नाही' म्हटलं तर त्याचा अर्थ तेवढाच घ्या.

मालवेअरबाइट्स हा भारी भिडू. इन्स्टॉल करावा लागतो, स्कॅनला वेळ घेतो, पण ट्रोजन, कीलॉगर (तुम्ही टाइप केलेलं टिपून घेणारा), स्पायवेअर सगळं बघतो. इन्स्टॉल केल्यावर पैशांच्या आवृत्तीची १४ दिवसांची ट्रायल समोर येते. ती संपली की फुकट आवृत्तीत फक्त हाताने केलेलं स्कॅन आणि साफसफाई उरते, सततचं संरक्षण बंद. बरेच जण इथे फसतात. आयकॉन खाली दिसतो म्हणून वाटतं कोणीतरी पहाऱ्यावर आहे, आणि प्रत्यक्षात नसतं. म्हणून ट्रायल संपल्यावर डिफेंडर चालू आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पैसे भरा म्हणून आठवण येत राहते, ती बंद केली तरी चालते.

थोडक्यात, ब्राउझर वेड्यासारखा वागतोय पण बाकी ठीक असेल तर आधी ॲडवक्लीनर. एखादी संशयास्पद फाइल चालवली असेल, खात्यात कोणी शिरल्याचा मेल आला असेल, तर थेट मालवेअरबाइट्स.

दुसरं मत घ्यायला: ईसेट, कॅस्परस्की, एम्सिसॉफ्ट

डॉक्टरांचं जसं दुसरं मत घेतो तसं इथेही घ्यावं, कारण प्रत्येकाची पारख वेगळी असते. ईसेट ऑनलाइन स्कॅनर नावाला ऑनलाइन, प्रत्यक्षात एक फाइल उतरवून चालवायची असते आणि ती ताजी माहिती नेटवरून ओढते. सुरुवातीलाच 'नको असलेली ॲप्स शोधू का' असं विचारते, तिथे हो म्हणा. पूर्ण स्कॅनला जुन्या हार्ड डिस्कवर तासन्‌तास जातात, म्हणून रात्री लावून ठेवलेलं बरं. नेट बरं असेल तर माझी पसंती याला.

कॅस्परस्कीचं व्हायरस रिमूव्हल टूलही इन्स्टॉल न करता चालतं आणि काम चोख करतं. ते स्वतःला अपडेट करत नाही, प्रत्येक वेळी नवी प्रत उतरवावी लागते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र ध्यानात घ्यावं की तिथल्या सरकारने जून २०२४ मध्ये या कंपनीवर बंदी जाहीर केली आणि २९ सप्टेंबर २०२४ नंतर अपडेटही बंद झाले. भारतात अशी बंदी नाही. रशियन कंपनीचं सॉफ्टवेअर वापरायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. मला तो राखणदार म्हणून नको वाटतो, एकदा चालवून काढून टाकायला हरकत वाटत नाही.

एम्सिसॉफ्ट इमर्जन्सी किटची जागा वेगळी. ज्या मशीनचं नेट चालतच नाही किंवा मुद्दाम तोडून ठेवलंय, तिथे हे कामाला येतं. चांगल्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्हमध्ये उतरवा, तिथेच अपडेट करा, मग आजारी लॅपटॉपला लावा. फुकट आहे ते घरगुती वापरापुरतं. दुकान-ऑफिसासाठी त्यांची अट वेगळी आहे.

आणि आपल्याकडचं? केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं. तिथे मिळणारी फुकट बॉट काढण्याची साधनं देशी कंपन्यांची आहेत. त्यात पुण्याची क्विक हील आणि मुंबईच्या मायक्रोवर्ल्डचं ईस्कॅन आहे. मोबाइल कंपन्यांकडून याबद्दलचे एसएमएसही येतात. सल्ला बरोबर आहे, पण तसलाच खोटा एसएमएस बनवणं सोपं आहे, म्हणून लिंक न दाबता सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करा. या साधनांचा रोख बॉटनेटवर, म्हणजे तुमचं मशीन दुसऱ्याच्या तालावर नाचवणाऱ्या प्रोग्रामवर आहे. यादीत तिसरं म्हणून ठेवा, पहिलं नको.

जुनी नावं आणि फुकटाची किंमत

सायबर कॅफेच्या काळात स्पायबॉट आणि ॲड-अवेअर ही नावं प्रत्येकाच्या तोंडी होती. त्या काळी त्यांनी खरंच तारलं. पण आजच्या चोऱ्यांची जात वेगळी आहे आणि नव्याने निवडताना मी त्यांच्याकडे जाणार नाही.

कायमच्या राखणीसाठी मोठ्या नावांची फुकट अँटिव्हायरसही आहेत. त्यातल्या अव्हास्टचं प्रकरण निवड करणाऱ्याला माहीत असायला हवं. जंपशॉट या उपकंपनीमार्फत वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती विकली जात होती. बोभाटा झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती कंपनी बंद केली गेली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. हेरगिरी थांबवायला घेतलेलं सॉफ्टवेअरच तुमची माहिती बाहेर नेत असेल, तर मूळ दुखण्यात आणि औषधात फरक काय राहिला? म्हणून मला अंगात मुरून न बसणारी, काम झालं की निघून जाणारी साधनं आवडतात.

कुठलंही घ्या, पण सर्चमध्ये सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीवरून उतरवू नका. नामांकित सॉफ्टवेअरच्या हुबेहूब नकली साइट तिथेच भेटतात.

यापैकी कोणालाच न दिसणाऱ्या गोष्टी

काकांची ती लाल चौकट ॲडवक्लीनर चालवल्यावरही येतच होती. कारण तो प्रोग्राम नव्हताच. कुठल्याशा साइटवर 'मी रोबो नाही' म्हणून त्यांनी 'अलाउ' दाबलं होतं, आणि ती साइट क्रोमच्या परवानगीने नोटिफिकेशन पाठवत होती. क्रोमच्या साइट सेटिंग्जमधून परवानगी काढली, अर्ध्या मिनिटात बंद.

दुसरी गोष्ट, दुरून स्क्रीन चालवणारी ॲप्स, एनीडेस्कसारखी. ती कायदेशीर आहेत, म्हणून स्कॅनर बहुधा काही बोलत नाहीत. 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याने एकदा ती बसवून घेतली असतील तर ती हातानेच काढावी लागतात. इन्स्टॉल झालेल्या ॲप्सची यादी तारखेनुसार लावा आणि अनोळखी नाव एकेक तपासा.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. ल्युमा किंवा रेडलाइनसारखे चोर प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (तुम्ही लॉग-इन आहात हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) काही क्षणांत उचलतात. त्यातले काही मागे माग न ठेवता निघूनही जातात. मायक्रोसॉफ्टने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत ल्युमा शिरलेले ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटर मोजले होते. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, विंडोज की आणि आर दाबा, मग पेस्ट करून एंटर करा' असं सांगणारं पान दिसलं आणि तुम्ही ते केलं असेल, तर नंतरचा स्कॅन स्वच्छ आला तरी चोरी झाली असंच धरा. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला, आणि प्रत्येक खात्यातून 'सर्व उपकरणांवरून साइन आउट' करा. कुकी चोरणाऱ्याला पासवर्ड लागतच नाही. पैसे गेले असतील तर स्कॅन वगैरे बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

अशा वेळी मी स्कॅनरच्या निकालावर थांबत नाही. फोटो-कागद बाहेर काढून घेतो आणि रिसेट धिस पीसीमधून सगळं काढून, क्लाउड डाउनलोडने विंडोज नव्याने बसवतो. एक सुट्टीचा दिवस जातो, पण मनात शंका राहत नाही.

आणि एक नाजूक प्रसंग. पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर घरातल्याच कोणी बसवल्याचा संशय असेल, तर घाईने काढू नका. ते बंद पडलं की बसवणाऱ्याला कळतं, आणि पुरावाही जातो. आधी विश्वासातल्या माणसाशी दुसऱ्याच फोनवरून बोला, आपण सुरक्षित आहोत ना ते पाहा. अशी सॉफ्टवेअर्स ओळखण्याच्या बाबतीत मालवेअरबाइट्स आणि कॅस्परस्की या दोघांनी मनावर घेऊन काम केलंय. २०१९ मध्ये यासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आघाडीत दोघंही पहिल्यापासून होते.

काकांकडे त्या रात्री क्रम असा होता: ॲडवक्लीनर, रीस्टार्ट, डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन, मग मालवेअरबाइट्स. शेवटच्या यादीत शून्य आलं तेव्हा साडेदहा वाजले होते आणि काकूंनी दुसऱ्यांदा पोहे गरम केले होते. मग काकांनी कपाटातून पासवर्डची वही काढली. त्यांच्या फोनवरून आधी ईमेलचा बदलला, नंतर पेन्शनच्या बँकेचा, आणि प्रत्येक जुना पासवर्ड त्यांनी निळ्या पेनाने नीट आडवी रेघ मारून खोडला.