परतवाड्यातील पेटीदुरुस्ती आणि उंदराची एक दंतकथा

नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्या गावच्या लहानशा चर्चमधील पेटी उघडली, तेव्हा भात्याच्या घडीवरचे चामडे उंदराने कुरतडलेले आढळले. शेजारच्या खोलीत सोयाबीनची पोती रचलेली असल्याने त्यात नवल काही नव्हते. नाताळ तोंडावर आला होता, म्हणून पेटी एसटीने परतवाड्यातील एका जुन्या दुरुस्तीच्या दुकानात नेली. वयस्क कारागिरांनी भाता दोनदा दाबला, कान लावून ऐकले आणि एवढेच म्हणाले, "भाऊ, भाता गेला, सुरायले काई झालं नाई."

त्यावर मी त्यांना 'सायलेंट नाइट' या नाताळगीताची ठिकठिकाणी सांगितली जाणारी गोष्ट ऐकवली: ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये उंदरांनी ऑर्गनचा भाता खाल्ला, म्हणून ऐन नाताळच्या रात्री गिटारवर म्हणता येईल असे गीत घाईने रचावे लागले. गोष्ट झकास आहे, पण ती मागाहून जोडलेली आहे, हेही मी त्यांना सांगितले. गीताचे शब्द योझेफ मोर या तरुण धर्मगुरूने मारियाफार या गावी 1816 सालीच लिहिले होते. तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकानंतरचे, युरोपात उन्हाळाच न आलेले आणि पिके बुडवणारे ते वर्ष होते. ओला दुष्काळ सोसलेल्या आपल्या शेतकऱ्याला त्याची कल्पना सहज येईल. चाल मात्र खरोखरच एका दिवसात झाली. 24 डिसेंबर 1818 रोजी मोरने ती कविता आर्न्सडॉर्फचे शिक्षक आणि ओबर्नडॉर्फचे ऑर्गनवादक फ्रान्झ झावर ग्रुबर यांच्याकडे दिली, दोन आवाज आणि गिटार यांसाठी चाल मागितली आणि त्याच रात्री दोघांनी ते गायले. ग्रुबर यांनी 1854 मध्ये स्वतः लिहून ठेवलेल्या हकिकतीत ना उंदीर आहे, ना बिघडलेला ऑर्गन.

कारागिरांना मात्र पुढचा भाग अधिक आवडला. हे गीत ओबर्नडॉर्फबाहेर टिरोल या डोंगराळ प्रांतात नेले ते कार्ल माउराखर यांनी, आणि ते होते ऑर्गन बांधणारे व दुरुस्त करणारे कारागीर. तेथून ते फिरत्या गायक कुटुंबांच्या तोंडी बसले आणि 1839 मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले.

आता कामाविषयी. भात्याला नवे चामडे, सुरांची सफाई आणि दोन पट्ट्यांच्या स्प्रिंगा, एवढ्याचे 1,800 रुपये घेतले, ते मला रास्त वाटले. हवा आता कोठेही गळत नाही. एकदा भरलेला भाता या चालीची एक अख्खी ओळ सहज ओढतो, आणि दादऱ्यासारख्या सहा मात्रांच्या तिच्या संथ झोक्याला नेमकी हीच गरज असते. तक्रारी दोन आहेत. 15 तारखेचा वायदा 19 वर गेला आणि पावती मागूनही मिळाली नाही. तार सप्तकातील कोमल निषाद अजून किंचित खरखरतो, परंतु तो या गीतात लागत नसल्याने मी वाद घातला नाही.

पेटी आणायला गेलो, तेव्हा कारागीर कोण्या भजनी मंडळाची पेटी तपासत बसले होते. त्यांची बोटे पट्ट्यांवरून हीच चाल काढत होती, दुसऱ्या ओळीत ते एकदा चुकले, थांबले आणि मला म्हणाले, "इथून पुढं कसं जाते, भाऊ, सांगा बरं."