शिराकावाचं 'तोरा शोकुदो': जायचं ते नूडल्ससाठी

जपानमधल्या फुकुशिमा प्रांतात, शिराकावा शहराच्या बाहेर भातशेतीत 'तोरा शोकुदो' हे रामेनचं, म्हणजे सूपमधल्या नूडल्सचं दुकान आहे. 'शिराकावा रामेन' म्हणून जो प्रकार जपानभर ओळखला जातो, त्याचं हे मूळ घर. ताकेई तोराजी यांनी १९६९ मध्ये ते सुरू केलं. हाताखाली शिकणाऱ्यांपासून त्यांनी कृती लपवून ठेवली नाही, त्यामुळे आज या भागात त्याच वळणाची बरीच दुकानं आहेत.

सूप कोंबडीच्या आणि डुकराच्या हाडांचं, सोयसॉस घातलेलं. नितळ, तपकिरी, वर चरबीचा पातळ तवंग. तोनकोत्सुच्या, म्हणजे डुकराची हाडं खूप वेळ उकळून केलेल्या दाट, पांढरट सूपची सवय असलेल्यांना पहिला घोट फिका वाटेल. तिखट-मिरीकडे लगेच हात नेऊ नका, दोन-चार घोटांत कोंबडीची चव वर येते.

पण खरी करामत नूडल्सची. मैदा, पाणी, मीठ आणि कानसुई एवढंच साहित्य. कानसुई हा सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचा क्षार, आपल्या पापडखाराच्या जातीतला. पिवळसर झाक, विशिष्ट वास आणि चावताना लागणारा ताण त्यानेच येतो. पिठाच्या साधारण १ टक्का पुरतो. हात सैल सुटला की नूडल्स कडवट, साबणासारख्या लागतात. हाकाताच्या (फुकुओका शहरातल्या भागाच्या) बारीक नूडल्सना १०० ग्रॅम पिठामागे ३० मिलिलिटरच्या आतच पाणी लागतं, शिराकावाकडे ते ४० च्या आसपास किंवा वर जातं. इतकं ओलसर पीठ मळून मुरवावं लागतं, मगच ते न फाटता लाटलं जातं. हवा दमट असेल तर पाणी थोडं कमी करायचं. हा अंदाज हातालाच येतो.

पट्ट्या कापून झाल्या की मूठमूठ घेऊन तळव्याखाली दाबून चुरगळतात. म्हणून एकच नूडल कुठे जाड, कुठे पातळ, कुठे वळलेली. जाड भाग दाताला लागतो, पातळ भाग सूप ओढत घशाखाली जातो. हा ओबडधोबडपणा दोष समजू नका, त्यासाठीच तर एवढ्या लांब यायचं. नक्कल करणाऱ्यांचं बिनसतं ते बहुतेक इथेच. पीठ पुरतं मुरलेलं नसेल तर चुरगळताना पट्ट्या तुटतात. फार दाबल्या तर एकमेकींना चिकटून मधला भाग कच्चा राहतो. वरचं कोरडं पीठ झटकलं नाही तर उकळतं पाणी चिकट होतं आणि सूप गढुळतं. शिवाय वळणांत पाणी अडकतं. निथळण्यात आळस केला की चांगलं सूपही पाणचट होतं. रामेनचं कुठलंही दुकान जोखायचं असेल तर वाडग्याच्या तळाचं सूप पाहावं.

पिठात आधीच भरपूर पाणी असल्याने या नूडल्स सूप हळू शोषतात, हाकातासारख्या झटकन मऊ पडत नाहीत. तरी फोटोंचा कार्यक्रम आटोपता घ्या.

मागवायचं काय? वानतान-मेन, डोळे झाकून. वानतान म्हणजे पातळ पारी, आत डुकराच्या खिम्याचं बेताचं सारण; ते घातलेलं हे रामेन. वानतान शेवटी खाऊ म्हणून बाजूला ठेवले तर पारी लिबलिबीत होते, ते मधेमधे उचलावेत. चाशू म्हणजे मांसाचे काप, कडेला तांबूस, फार चरबीचे नाहीत. पण खास चाशू-मेन घेण्यात अर्थ नाही असं आमचं मत: कापांखाली नूडल्स झाकल्या जातात आणि सूप लवकर निवतं. शाकाहारी माणसासाठी इथे काही नाही. काप काढून द्या म्हणण्यातही हशील नाही, मुळात सूपच हाडांचं.

तोक्योहून शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) शिन-शिराकावा स्टेशन गाठायला साधारण दीड तास लागतो. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तिकीट काढताना पाहून घ्या. (हे स्टेशन निशिगो या खेड्यात येतं, शिनकानसेनचा थांबा असलेलं जपानमधलं हे एकमेव खेडं.) दुकान स्टेशनपासून चालत जाण्याजोगं नाही, टॅक्सी करावी. शनिवार-रविवारी रांग मोठी असते, त्यामुळे मधल्या वारी आणि उघडण्याच्या आधीच पोहोचावं. सुट्टीचा वार निघण्यापूर्वी तपासावा आणि रोख येन जवळ ठेवावेत. एवढा वेळ नसेल तर तोक्योला लागून असलेल्या चिबा प्रांतात, मात्सुदोला, यांची शाखा आहे.